कोणताच पक्ष पटत नाही, तर ब्रिटनमध्ये मत द्यायचं कसं?

ब्रिटनमधल्या मतपत्रिकेवर पंतप्रधानाचं नाव नसतं. ज्या एका मतदारसंघातून ती व्यक्ती उभी आहे, तिथले लोक सोडले तर कोणालाच ते नाव दिसत नाही. तुमच्या हातात येतो तो एक साधा कागद. त्यावर आडनावांच्या अक्षरक्रमाने सहा-सात, कधी दहा-बारा नावं, नावाखाली पक्ष आणि उजव्या बाजूला रिकामी चौकट. शाळेच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये प्लायवूडचा आडोसा, त्यात दोरीने बांधलेली पेन्सिल. एका चौकटीत फुली मारायची, कागदाची घडी घालायची, पेटीत टाकायची. बोटाला शाईही लावत नाहीत. पहिल्यांदा मत देऊन बाहेर आले तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं, दाखवायला बोटावर काहीच नव्हतं.

या कागदापासून सुरुवात करण्याचं कारण आहे. गेल्या काही वर्षांत इथे ज्यांच्याशी निवडणुकीबद्दल बोलणं होतं, त्यांतले बहुतेक जण एकाच वाक्यावर येऊन थांबतात : सगळे एकाच माळेचे मणी, कोणालाही दिलं तरी काय फरक पडतो? मराठी घरांत हे ऐकते, शेजारच्या इंग्रज आजोबांकडूनही ऐकते. हा राग खोटा नाही. पण या रागात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. ‘मला कोणता पक्ष आवडतो’ हा एक, आणि ‘माझ्या मतदारसंघात माझ्या या एका कागदाने काय घडू शकतं’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘कोणताच नाही’ असलं तरी दुसऱ्याचं उत्तर शोधता येतं. ते कसं, हे या लेखात समजावून घेऊ.

आधी राग का आहे ते बघू. २०१० च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट्सच्या उमेदवारांनी विद्यापीठाची फी वाढू देणार नाही अशी लेखी शपथ घेतली होती. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षासोबत सरकारात गेल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फीची कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर नेणारा ठराव मंजूर झाला. हुजूर पक्षाने देशात येणाऱ्या आणि जाणाऱ्या लोकसंख्येतली तफावत वर्षाला लाखाच्या आत आणण्याचं वचन दिलं, आणि त्यांच्याच काळात तो आकडा कित्येक लाखांवर गेला. टाळेबंदीत लोकांना घरच्या माणसाच्या अंत्यविधीलाही नीट जाता येत नव्हतं, तेव्हा पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या कार्यालयात मेजवान्या झाल्या; एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि अर्थमंत्री ऋषी सुनक यांना दंड केला. त्या एका वर्षात देशाने तीन पंतप्रधान पाहिले. मग २०२४ मध्ये मजूर पक्ष आला. निवडून आल्याच्या महिन्यातच त्याने बहुतेक पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता बंद करत असल्याचं जाहीर केलं. जाहीरनाम्यात याचा उल्लेख नव्हता. वर्षभरात त्यातला बराचसा निर्णय मागेही घेतला. तीन पक्षांची ही उदाहरणं आहेत, आणि ज्याचं घर त्या निर्णयाने हललं त्याने ‘आता कोणावर विश्वास ठेवायचा’ असं विचारलं तर मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

आता गणिताकडे येऊ. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ६५० जागा आहेत आणि प्रत्येक जागेवर आपल्या लोकसभेसारखीच पद्धत आहे : ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. निम्मी मतं मिळायलाच हवीत असं नाही. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाला देशभरातली ३३.७ टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाल्या ४११. उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके या पक्षाला सुमारे ४१ लाख मतं आणि ५ जागा. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, सुमारे ३५ लाख मतं आणि ७२ जागा. लिबरल डेमोक्रॅट्सची मतं ठरावीक मतदारसंघांत दाट होती, रिफॉर्मची देशभर पातळ पसरलेली होती. या पद्धतीत किती मतं पडली यापेक्षा ती कुठे पडली याला जास्त किंमत असते. मतदान झालं साधारण ६० टक्के, म्हणजे नोंदणी केलेल्या दर पाच जणांपैकी जेमतेम एकाने मजूर पक्षाला मत दिलं आणि तेवढ्यावर भक्कम बहुमताचं सरकार आलं. पद्धत बदलायची का, हा प्रश्न २०११ मध्ये सार्वमताला ठेवला होता. पसंतिक्रम लावण्याची पद्धत दोनतृतीयांशाहून अधिक लोकांनी नाकारली.

त्यामुळे देशाची हवा बाजूला ठेवून आपली जागा बघावी लागते. उत्तर लंडनमध्ये हेंडन नावाचा मतदारसंघ आहे. भारतीय कुटुंबं तिथे भरपूर. २०२४ मध्ये तिथे मजूर पक्षाचा उमेदवार १५ मतांनी निवडून आला. पंधरा! आपल्या एका गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात. तिथून गाडीने फार लांब नसलेल्या हॅरो ईस्टमध्ये मात्र, देशभर हुजूर पक्ष कोसळत असताना, त्याच पक्षाचे बॉब ब्लॅकमन निम्म्याहून अधिक मतं घेऊन आरामात निवडून आले. हेंडनमध्ये घरी बसलेल्या एका इमारतीने निकाल फिरवला असता. हॅरो ईस्टमध्ये तसं झालं नसतं. हे दोन वेगळे पेच आहेत, आणि त्यांना एकच सल्ला लागू पडत नाही.

तुमची जागा कोणत्या प्रकारची आहे हे कळायला मागच्या निकालाची आकडेवारी बघायची : पहिला आणि दुसरा कोण, अंतर किती, तिसऱ्याची मतं त्या अंतरापेक्षा जास्त आहेत का. पाच मिनिटांचं काम आहे. निवडणूक जवळ आली की दारातून आत पडणाऱ्या पत्रकांवर यासाठी विसंबू नका. माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये अशी पत्रकं मी साठवून ठेवली आहेत. त्यांतल्या एकावर तीन रंगीत खांब आहेत, त्यांतले दोन उंच आणि जवळजवळ सारखे, तिसरा बुटका, आणि वर ठळक अक्षरांत ‘इथे लढत फक्त दोघांतच’. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की आकडे काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, निवडणुकीतले आहेत, तेही भलत्याच वर्षीचे. शिवाय खांबांची उंची पट्टीने मोजली तर आकड्यांशी जुळत नाही. खासदारकीला काउन्सिलचे आकडे लावणं म्हणजे विधानसभेचा अंदाज ग्रामपंचायतीवरून बांधणं. आणखी एक अडचण म्हणजे २०२४ ला मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. त्याआधीचे निकाल जसेच्या तसे आजच्या जागेला लावता येत नाहीत.

समजा तुमची जागा अटीतटीची आहे आणि दोन्ही आघाडीचे पक्ष तुम्हाला नकोत. अशा वेळी ब्रिटनमध्ये लाखो लोक जे करतात त्याला डावपेचाचं मतदान म्हणता येईल : जो अजिबात नको, त्याला हरवू शकेल अशाला मत. याने काही जणांना अपराधी वाटतं. माझ्या मते वाटू नये. मत म्हणजे पक्षावरच्या श्रद्धेची जाहीर कबुली असं कुठेही लिहिलेलं नाही. समोर दोनच शक्यता असतील, तर त्यांतली कोणती तुमच्या घराला, शाळेला, दवाखान्याला कमी नुकसान करेल हे बघून फुली मारणं हा पूर्ण प्रामाणिक निर्णय आहे.

जागा सुरक्षित असेल, म्हणजे कोण निवडून येणार हे आधीच ठाऊक असेल, तर उलटं स्वातंत्र्य मिळतं. जिंकण्याहरण्याचा भार तुमच्यावर नसतो, म्हणून मनातल्या जवळच्या लहान पक्षाला किंवा अपक्षाला मत देता येतं. ते वाया जातं का? इथे युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप या पक्षाची गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २०१५ मध्ये त्याला १२.६ टक्के मतं पडली आणि जागा मिळाली फक्त एक. पण त्याच्या वाढत्या मतांची धास्ती घेऊन तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी जानेवारी २०१३ मध्येच युरोपीय संघाबद्दल सार्वमताचं वचन देऊन टाकलं होतं. २०१६ ला सार्वमत झालं आणि देश बाहेर पडला. ब्रेक्झिट तुम्हाला पटो न पटो (मला पटलं नाही), हरलेल्या मतांनी जिंकलेल्या पक्षाला कसं वळवलं याचं याहून मोठं उदाहरण ब्रिटनच्या अलीकडच्या इतिहासात नाही. शिवाय पैशाचाही हिशेब आहे. संसदेत बसणाऱ्या विरोधी पक्षांना कामकाजासाठी सरकारी निधी मिळतो, त्याला ‘शॉर्ट मनी’ म्हणतात. तो जागांवर ठरतो तसा देशभर पडलेल्या मतांवरही ठरतो. म्हणजे तुमच्या गावात चौथ्या आलेल्या पक्षाला दिलेलं मतही, त्या पक्षाचा संसदेत पाय असेल तर, कुठेतरी जमेला धरलं जातं.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. ‘नोटा’ आहे का? नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ पासून आपल्याला ते बटण मिळालं, आणि महाराष्ट्राने ते वापरूनही दाखवलं. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७ हजारांहून अधिक मतं पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आलं होतं. ब्रिटनमध्ये त्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे, मतपत्रिका मुद्दाम बाद करणं. कोरी टाकली, दोन फुल्या मारल्या किंवा आडवं काही लिहिलं तर ती बाजूला काढतात आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर तिचा निवाडा होतो. तुमचा राग तिथे चार-सहा माणसं वाचतात, हे खरं. पण निकालात उरतो फक्त ‘बाद मतं’ असा एक आकडा, आणि त्यात चुकून दोन फुल्या मारणारे आजोबा आणि ठरवून निषेध करणारे तुम्ही एकाच रांगेत मोजले जाता. दुसरं म्हणजे, तुमच्या खुणेवरून एखाद्या उमेदवाराकडे कल स्पष्ट दिसत असेल तर अधिकारी ते मत वैध धरू शकतो. आपलं नाव लिहिलं तर मात्र नक्की बाद, कारण मत गुप्त राहत नाही.

तरीही, घरी बसणं आणि बाद मत देणं यांतून निवडायचं असेल तर मी बाद मत निवडेन, आणि याचं कारण फारसं कोणी सांगत नाही. मतदान केंद्रात तुमचं नाव यादीत शोधून त्यावर रेघ मारतात. मत कोणाला दिलं हे कोणालाच कळत नाही, पण मत द्यायला आलात की नाही हे त्या यादीत राहतं. निवडणुकीनंतर पक्षांना ही खुणा केलेली यादी मागवता येते. पुढच्या वेळी कार्यकर्ते कोणाच्या दारावर थाप मारतील हे ठरवायला ती वापरतात. सलग दोन-तीन निवडणुका घरी बसलेल्या माणसाचं दार ते ओलांडून जातात, कारण त्यांच्याकडे वेळ आणि माणसं कमी असतात. भाड्याच्या घरात राहणारी तरुण मंडळी मतदानाला कमी जातात, म्हातारी माणसं आवर्जून जातात. आणि पेन्शन दरवर्षी महागाई, सरासरी पगारवाढ किंवा अडीच टक्के यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याने वाढवण्याच्या धोरणाला २०२४ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी हात लावणार नाही असं सांगितलं. घरभाड्याबद्दल इतकं ठाम वचन कोणाकडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

पक्षाबद्दल एवढं झालं, आता माणसाबद्दल. भारतात १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे आणि त्यातून वाट काढून पक्षच्या पक्ष कसे फुटतात हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये डोळ्यांनी पाहिलं. ब्रिटनमध्ये असा कायदाच नाही. खासदार निवडून आल्यावर बाक बदलून समोरच्या पक्षात जाऊन बसू शकतो आणि त्याची खासदारकी जात नाही. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण याचीच दुसरी बाजू अशी की खासदाराने पक्षाचा व्हिप झुगारून मत दिलं तरी पक्ष त्याला पक्षाबाहेर काढू शकतो, संसदेबाहेर नाही. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या सात खासदारांनी स्वतःच्याच नव्या सरकारविरुद्ध मत दिलं. प्रश्न होता गरीब घरांतल्या तिसऱ्या मुलापासून पुढे भत्ता न देण्याच्या नियमाचा. सातही जणांना पक्षाने सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारने तो नियम रद्द करण्याची घोषणा केली. असाध्य आजारात मरणासाठी वैद्यकीय मदत मागण्याच्या विधेयकावर नोव्हेंबर २०२४ मध्ये तर पक्षांनी व्हिपच काढला नाही. ३३० विरुद्ध २७५ मतं पडली आणि दोन्ही बाजूंना मजूर आणि हुजूर मिसळलेले होते.

म्हणून पक्षावरचा विश्वास उडाला असेल तर उमेदवाराची ओळख करून घ्या. आधीपासून खासदार असेल, तर कोणत्या विधेयकावर कसं मत दिलं हे ‘दे वर्क फॉर यू’ या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की दिसतं. खासदार आपल्या भागात लोकांना भेटायला ठरावीक दिवशी बसतात, त्याला इथे ‘सर्जरी’ म्हणतात. नाव दवाखान्याचं, काम तक्रारींचं. व्हिसा अडकला, घरात बुरशी आली आणि मालक दाद देत नाही, मुलाला खास शिक्षणाची मदत मिळत नाही, असल्या गोष्टी तिथे नेता येतात. तुम्ही मत कोणाला दिलं हे तिथे विचारत नाहीत. आणि पक्ष नकोच असेल तर अपक्षही जिंकतात : २०२४ मध्ये लेस्टर साउथमध्ये अपक्ष शोकत ॲडम यांनी मजूर पक्षाच्या बड्या नेत्याला हजाराच्या आतल्या फरकाने हरवलं, आणि इस्लिंग्टन नॉर्थमध्ये मजूर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन आपल्याच जुन्या पक्षाविरुद्ध अपक्ष उभे राहून निवडून आले.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : सगळ्या निवडणुका खासदारकीच्या पद्धतीने होत नाहीत. स्कॉटलंडच्या संसदेसाठी दोन मतं असतात, एक उमेदवाराला आणि एक यादीला. लंडन असेंब्लीतही २५ पैकी ११ जागा याद्यांमधून भरतात. वेल्समध्ये २०२६ पासून ९६ सदस्य पक्षांच्या यादीतून, मतांच्या प्रमाणात निवडण्याची पद्धत आली. उत्तर आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडच्या काउन्सिलांसाठी पसंतिक्रम लावतात. अशा ठिकाणी लहान पक्षाला मत देताना ‘वाया जाईल’ ही भीती बरीच कमी होते. काउन्सिलच्या निवडणुकीत तर मतदान इतकं कमी होतं की नगरसेवक कधीकधी बोटावर मोजण्याइतक्या मतांनी ठरतो. आणि कचरा, रस्त्यातले खड्डे, लायब्ररी, म्हाताऱ्या माणसांची घरी येऊन होणारी देखभाल हे सगळं काउन्सिलच्याच हातात असतं.

हे सगळं मी माझ्या मावसभावाला सांगत होते. तो मूळचा सांगलीचा, सहा वर्षं मिल्टन कीन्सला. सगळं ऐकून म्हणाला, “ताई, पण माझा पासपोर्ट भारतीय आहे. मला कुठलं मत?” सहा वर्षांत त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा, १८ वर्षं पूर्ण झालेला भारतीय नागरिक इथल्या सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकतो, खासदारकीच्याही. वर्क व्हिसा असो की स्टुडंट व्हिसा. त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावं लागत नाही. जो माणूस आरोग्यसेवेचा अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड आधीच भरतो, ज्याचा कायम वास्तव्याचा अवधी पाच वर्षांवरून दहा करण्याचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ मध्ये मांडला, त्याला वाटत होतं की यात आपण बोलायचं काही कारण नाही. मला त्या संध्याकाळी खरंच वाईट वाटलं.

हा हक्क आपल्याला दूरचा वाटू नये. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीमधून लिबरल पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले होते, अवघ्या पाच मतांनी. नौरोजी हे नाव उच्चारता न येणाऱ्या इंग्रजांनी त्यांना ‘मिस्टर नॅरो मेजॉरिटी’ म्हणायला सुरुवात केली. त्याआधी १८८६ ला ते हॉबर्नमधून हरले होते.

भावाची नोंदणी आम्ही त्याच रात्री जेवणानंतर केली. सरकारी संकेतस्थळावर नॅशनल इन्शुरन्स नंबर टाकून दहा मिनिटंही लागली नाहीत. मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी ती व्हावी लागते, आणि घर बदललं की पुन्हा करावी लागते. इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र मागतात. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी फोटोत तुम्ही ओळखू आलात म्हणजे झालं. ओळखपत्र नसेल तर मतदाराचं प्रमाणपत्र फुकट काढून मिळतं. त्या दिवशी गावाला असाल तर पोस्टाने मत देता येतं, पण त्याचा अर्ज आधी करावा लागतो.

केंद्रं सकाळी सातला उघडतात आणि रात्री दहाला बंद होतात. २०१० मध्ये रांगेत ताटकळलेल्या काही मतदारांना दहा वाजले म्हणून मत न देताच परत पाठवलं होतं. त्यानंतर कायदा बदलला. आता दहाच्या ठोक्याला तुम्ही रांगेत असाल, मनात काहीच पक्कं ठरलेलं नसलं तरी, तुम्हाला मतपत्रिका मिळते.